अष्टमीचं पाणी

भरतीची वेळ काढायला मोबाइल लागत नाही. आजची तिथी घ्यावी, तिची पाऊणपट करावी, येईल ती भरतीची वेळ. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीनला पाणी भरलेलं आणि दुपारी तीनच्या सुमाराला पुन्हा भरलेलं. अष्टमीला सहा. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. पक्ष बदलला की परत एकापासून मोजायला लागायचं. आमच्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर हा हिशोब कुणी कुणाला मुद्दाम शिकवत नाही, तो कानावर पडूनच येतो. अर्ध्या तासाची चूक त्याला सहज पचते, कारण होडी लोटणाऱ्याला मिनिटांशी देणंघेणं नसतं. चिखल झाकला की झालं.

माझ्या मैत्रिणीला मात्र ती चूक खुपते. ती ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. तिथं तिला सगळे मॅडम म्हणतात, म्हणून मी तिला बाई म्हणते. बाईचं म्हणणं असं, की पाऊणपट म्हणजे तिथीमागे ४५ मिनिटं, आणि भरती तर रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. तिथी दिवसापेक्षा जराशी लहान असते हे धरलं, तरी पंधरवड्याअखेर पाऊण तास शिल्लक उरतो. तो जातो कुठे? प्रतिपदेला नव्यानं मोजायला बसलं की गुपचूप मिटतो, असं मी तिला सांगितलं. आमच्या ऑफिसात मार्चअखेरीला असे बरेच फरक असेच मिटतात.

ऑफिसातल्या माझ्या टेबलावर काचेखाली कॅलेंडरचं पान असतं आणि त्यातल्या काही तिथींना पेन्सिलीनं गोल केलेला असतो. नव्यानं बदलून आलेल्या एका सहकारी बाईंनी बरेच दिवस ते गोल पाहिले आणि एकदा डबा खाताना हळूच विचारलं, "अष्टमी-नवमी दोन्ही धरता का हो तुम्ही? देवीचं काही आहे का?" मी "हो" म्हटलं. कायाकमध्ये बसून खाडीत गरवायला, म्हणजे गरीनं मासे धरायला जाते, हे डब्याच्या वेळात समजावून सांगण्याजोगं नव्हतं. शिवाय ते अगदीच खोटंही नव्हतं.

कारण नोकरी करून गरवायला जायचं, तर हे व्रतासारखंच जपावं लागतं. मी साडेपाचला सुटते. भाट्ये गावाबाहेरच आहे, सहाला पाण्यावर असते. उन्हाळ्यात सूर्य सात वाजायच्या आसपास बुडतो. म्हणजे हातात आला तर एक तास. आता ह्या तासात खाडीत पाणी हवं. पौर्णिमेला भरती सव्वाअकराला, म्हणजे मी ऑफिसची पायरी उतरते तेव्हा खाडी तळाला गेलेली. पुढचे दोन-तीन दिवस तीच गत. त्रयोदशी-चतुर्दशीला पाणी चढायला लागलेलं असतं, पण काठच्या झाडांपर्यंत पोचेस्तोवर अंधार पडतो. उरतात षष्ठी ते दशमी, शुद्ध आणि वद्य. त्यात थंडीचे महिने बाद, कारण डिसेंबरात सहालाच सूर्य समुद्राला टेकलेला असतो. पावसाळा बाद, कारण तेव्हा काजळी नदी सह्याद्रीतली सगळी माती घेऊन खाली येते आणि खाडीचा रंग पाहूनच माणूस माघारी फिरतो. होळीपासून मृगापर्यंतचा काळ काय तो आपला. त्यातही कुठल्या अष्टमीला ऑडिट निघतं, कुठल्या नवमीला बाईच्या पेपरांचे गठ्ठे येतात.

आमच्यात एक तिसरी होती. ती सरकारी कचेरीत आहे. २०२० साली राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा मिळाला आणि त्याच्या बदल्यात सुटायची वेळ सव्वासहावर गेली. आख्खा शनिवार मिळाला म्हणून तिनं पेढे वाटले. तिचं गरवणं त्यातच बुडालं, हे तिच्या उन्हाळ्यात लक्षात आलं. शनिवारी तिची सासू येते.

ज्या तिथी आमच्या वाट्याला येतात, त्यांचं पाणी कोळ्यांच्या दृष्टीनं फारसं लाखमोलाचं नसतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो. पौर्णिमेला-अमावास्येला सूर्य आणि चंद्र एका रेषेत येऊन ओढतात, तेव्हा उधाण. अष्टमीला दोघांच्या ओढीत काटकोन होतो, एकाचं ओढणं दुसऱ्याला मारक, पाणी धड फार चढत नाही आणि धड फार उतरत नाही. बाई हे दरवेळी वल्ह्यानं हवेत काटकोन काढून दाखवते आणि माझ्या डोक्यावर पाणी सांडते. त्या संध्याकाळी मान वर केली की शुद्ध अष्टमीचा अर्धा चंद्र बरोबर डोक्यावर असतो आणि सूर्य समोर पश्चिमेला. काटकोन वरच काढून ठेवलेला असतो, वल्ह्याची गरज नसते. मुळात आमच्याकडची भरतीच ठेंगणी. गोव्याकडे चढउतार दोनेक मीटरचा, मुंबईला मोठ्या उधाणात पाणी साडेचार-पाच मीटरला जातं, खंभातच्या आखातात तर दहा मीटरच्या वर. आम्ही गोव्याच्या बाजूचे. त्यात भांग. म्हणजे आमच्या वाटणीला येतं ते पाणी कांदळांच्या पायाशी कमरेएवढं, काठाला गुडघ्याएवढं, आणि जिथं आम्हाला जायचं असतं तिथं दोन वितींचं.

दोन वितींच्या पाण्यात होडी चालत नाही. इंजिनाची तर नाहीच, वल्ह्याची लाकडी होडीसुद्धा तळ घासते. तिथं कायाक चालतो. आर्क्टिकमधल्या इनुइट लोकांनी तो सील मारायला केला. वाहून आलेल्या लाकडाचा किंवा हाडांचा सांगाडा, वर ताणून शिवलेलं कातडं, आणि माणूस कमरेपर्यंत आत. आमचा तसा नाही. आमचा अखंड प्लास्टिकचा, नारिंगी, दोन माणसांचा, आणि बसायचं आत नाही, वर. बाईनं तो मालवणकडच्या एका वॉटरस्पोर्ट्सवाल्याकडून जुना घेतला. गाडीच्या टपावर बांधून घरी आणला तेव्हा सोसायटीतल्या आजोबांनी गॅलरीतून विचारलं होतं, "नवी टाकी का?"

ह्या कायाकला आरपार भोकं असतात. बसायच्या जागेपासून तळापर्यंत सरळ नळ्या, वर चढलेलं पाणी त्यातून आपोआप निघून जावं म्हणून. पोकळ अंग बंद असतं, त्यामुळे बुडायचा प्रश्न नाही. पण ही भोकं पाहून काठावरचा प्रत्येक माणूस एकदा तरी दचकतो. कर्ल्याच्या बाजूला एक म्हातारा पाग घेऊन छातीभर पाण्यात उभा असतो. त्यानं पहिल्यांदा ती पाहिली तेव्हा फेकायला उचललेला पाग तसाच खांद्यावर ठेवला आणि म्हणाला, "होडीक भोकां पाडून कोण देता गो तुमका?" आता त्याला सवय झाली आहे. आता तो फक्त "गावला काय?" विचारतो आणि उत्तराची वाट न बघता पाग टाकतो. त्याचा पाग हवेत पूर्ण गोल उघडतो आणि कडेची शिशं एकदमच पाण्याला लागतात. आमच्या रीळ-रॉडच्या सगळ्या सामानाची किंमत केली तर त्याच्या पागाच्या कितीतरी पट होईल, आणि मासे नेमके उलट्या प्रमाणात. ह्याचं मला वाईट वाटत नाही. तो मासे आणायला आलेला असतो.

भाट्ये पुलाच्या खालून पलीकडे आम्ही जात नाही. तिकडे मुखाशी वाळूचा दांडा आहे, त्याच्यावर लाट उभी राहते, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या लाँचींना आमचं नारिंगी प्लास्टिक मधे नको असतं. आम्ही नदीकडे तोंड करतो. मागे राजिवड्याच्या होड्या, पूल, पुलावरची घरी निघालेली वाहनं. दोन-तीन वळणं घेतली की गाड्यांचा आवाज तुटतो आणि उजव्या हाताला कांदळवन सुरू होतं. बाहेरच्या रांगेत चिपी, आत तिवर, चरांच्या काठानं कांदळ. पांढऱ्या चिपीला २०२० साली राज्याचा कांदळवृक्ष म्हणून मान मिळाला. तिचं फूल संध्याकाळी उमलतं आणि एका रात्रीचंच असतं. पाकळ्यांचा थाट नाही, नुसते पांढरे केसर, शेकड्यांनी. वटवाघळं आणि रात्रीचे पतंग त्यावर येतात आणि सकाळपर्यंत केसर गळून पडतात. आम्ही खालून जाताना त्यातले आदल्या रात्रीचे काही अजून पाण्यावर फिरत असतात, वल्ह्याच्या पात्याला चिकटतात, आणि मग गरीला आमिष लावताना बोटांना.

पाणी चढत असताना गंमत असते ती झाडांच्या आत. चिखलातून वर आलेली तिवराची श्वासमुळं एकेक करत बुडत जातात. निवट्या चिखलावरून ह्या मुळावरून त्या मुळावर उड्या मारत माघार घेतात. मासा असून पाण्याला भितात की काय असं वाटावं. कोळंबी, बोयची पिल्लं, बारीकसारीक सगळं आत घुसतं, कारण आत खायला मुबलक आणि मोठ्या माशांना मुळांच्या गर्दीत वळता येत नाही. मोठे मासे कडेला थांबतात. त्यांनाही आमच्यासारखीच वेळ पाळायची असते, फक्त ऑफिसचा अडसर नसतो. भरती थांबते. दहा-पंधरा मिनिटं पाणी इकडेही नाही आणि तिकडेही नाही, पडलेलं पान जागच्या जागी गोल फिरतं. मग ते पान अगदी हळू, पुलाच्या दिशेनं निघतं. पाणी फिरलं. आता आत गेलेल्या सगळ्यांना चिंचोळ्या चरांतून बाहेर यावं लागणार, आणि चराच्या तोंडाशी तांबोशी उभी असणार. आमचा सगळा खेळ ह्या अर्ध्या तासाचा.

ह्या खेळात कायाकचा मोठा गुण म्हणजे त्याला आवाज नाही, आणि आपण पाण्याच्या इतक्या जवळ बसतो की हात सोडला तर मनगट भिजतं. दुसरा गुण माझ्या लक्षात यायला वेळ लागला. दोघींचा कायाक म्हणजे दोघी एकामागे एक. मागची दिशा सांभाळते, पुढची गरवते. मागचीला पुढचीची पाठ दिसते, पुढचीला नुसतं पाणी. दिवसभर मी काउंटरच्या ह्या बाजूला आणि लोक त्या बाजूला, तोंडासमोर तोंड. बाईचंही तेच, साठ मुलं समोर. संध्याकाळी तासभर कुणाचा चेहरा वाचायचा नाही आणि आपला कुणी वाचत नाही, ही केवढी सवलत आहे! आम्ही कॉलेजपासूनच्या मैत्रिणी, पण तिच्या लग्नातल्या वाईट वर्षांबद्दल ती माझ्याशी पहिल्यांदा नीट बोलली ती माझ्या पाठीशी. मी मान वळवली असती तर थांबली असती. शिवाय कायाकमध्ये एकदम मान वळवली की तो डगमगतो, त्यामुळे तसा मोह आवरणंही सोपं जातं.

पाणी नसलेल्या संध्याकाळीही कधीकधी आम्ही खाडीवर जातो, कायाक न घेता. पौर्णिमेच्या मागेपुढे साडेपाच-सहाला खाडीचा तळ उघडा पडलेला असतो आणि त्यात बायका वाकलेल्या असतात. साड्या वर खोचलेल्या, कमरेला नाहीतर पाण्यावर तरंगत मागून येणारं टोपलं, आणि हात चिखलात. तिसऱ्या काढण्याचं काम डोळ्यांचं नाही, बोटांचं आहे. पायाच्या बोटांना टणक लागलं की हात खाली जातो, आणि वर येतो तेव्हा दोन-तीन शिंपा मुठीत असतात. पलीकडे खडकाला चिकटलेली कालवं फोडायला दुसऱ्या दोघी-तिघी बसलेल्या, टोकदार लोखंडाचे नेमके घाव घालत. माझ्या कॅलेंडरवर जी तिथी कोरी असते, ती त्यांच्या कमाईची. त्यांच्याकडेही पाऊणपट आहेच, फक्त त्या ओहोटीसाठी तिच्यात सहा तास मिळवतात.

समुद्र पुरुषांचा असं आपण म्हणून टाकतो. लाँचीवर बाई जात नाही, जाळ्याला बाईचा पाय लागू देत नाहीत, बाईनं मासळी विकायची. पण ते खोल पाण्याचं झालं. गुडघाभर पाण्यात कोकणातल्या बायका कायम होत्या आणि तिथं त्यांना कुणी विचारलं नाही. हल्ली वल्हंही त्यांच्या हातात दिसतं. वेंगुर्ल्याला मांडवीच्या खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका पर्यटकांना कांदळवनात फिरवून आणतात आणि होडी स्वतः वल्हवतात. आम्ही दोघी त्या मानानं हौशी. तिसऱ्या काढणाऱ्यांपैकी एकीनं बाईला एकदा स्पष्टच विचारलं होतं, "दोघी कमावत्या ना गो? मग मासे इकत घेयत नाय?" बाईनं तिला फिजिक्समधलं काही उत्तर दिलं नाही, त्यावरून प्रश्न तिला लागला असावा.

ह्या वैशाखातल्या अष्टमीला सगळं जमून आलं. ऑडिट नाही, पेपर नाहीत, वारा पडलेला. बाई मागे, मी पुढे. सव्वासहाला पान फिरलं. आम्ही एका चराच्या तोंडापासून थोडं अंतर ठेवून थांबलो. बाईनं वल्हं चिखलात रोवून कायाक त्याला टेकवून धरला. मी जिवंत कोळंबी शेपटीजवळून गरीला लावली. तिथून लावली की ती पोहत राहते. शिशाची एक बारकी गोळी, बाकी वजन नाही. मनगटाच्या झटक्यानं टाकली ती चराच्या डाव्या काठाला, आडव्या मुळापासून हातभर अलीकडे पडली. गरीची दोरी, म्हणजे तंगूस, बोटावर घेऊन बसले. कोळंबी जिवंत असली की तंगुसातून तिच्या उड्या कळतात, टुक, टुक, मधे थांबून पुन्हा टुक.

मागून बाई म्हणाली, "मी बहुतेक पुढच्या वर्षी पुण्याला जाईन. लेकीकडे. व्हीआरएस घेतेय."

तंगुसावरची टुकटुक थांबली. कोळंबीला काही दिसलं की ती असंच थांबते.

"कायमची?" मी विचारलं, आणि त्याच वेळी रॉड वाकला.

तांबोशी आमिष धरते आणि धरल्याबरोबर मागे फिरते. तिचं घर मुळांत असतं आणि एकदा तिथं पोचली की तंगूस शिंपांवर घासून तुटलाच. पहिल्या तीन-चार सेकंदांत काय ते ठरतं. अशा वेळी दोरी सोडायची नाही, हे खाडीत गरवणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. समुद्रात मोठ्या माशाला दमवायला सोडतात, इथं सोडली की संपलं. मी रॉड आडवा धरून अंग मागे टाकलं. बाईनं न सांगता वल्हं उपटलं आणि दोन हात उलटे मारले. कायाक मागे सरकला आणि त्याच्याबरोबर मासाही मोकळ्या पाण्यात आला. त्या दोन हातांशिवाय तो मासा आला नसता. मग तांबोशी एकदा खाली गेली, एकदा कायाकच्या बुडाखालून पलीकडे निघून मला अर्धी वळवून गेली, आणि शेवटी कडेला आली.

दीड वितीची होती. अंग तांब्याच्या रंगाचं, त्यावर फिकट उभे पट्टे अजून पुरते पुसले न गेलेले, आणि डोळ्याखाली गालावर निळी बारीक रेघ. हे लहानपणाचे दागिने. मोठी झाली की पट्टे जातात, रेघ जाते, आणि मग ती खाडीही सोडते. तांबोशीचं बालपण कांदळाच्या मुळांत, पण वयात आली की ती बाहेर, खोल पाण्यातल्या खडकांकडे निघून जाते. तिथं ती मीटरभराची होते आणि लाँचवाल्यांना सापडते. जिताड्याचं ह्याच्या उलट. तो आयुष्य खाडीत आणि नदीच्या गोड्या पाण्यात काढतो आणि अंडी घालायला मुखाकडच्या खाऱ्या पाण्यात उतरतो. त्यातही तो सुरुवातीला नर असतो आणि काही वर्षांनी, अंग धरलं की, मादी होतो. हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा बाई म्हणाली होती, बढती मिळाल्यासारखंच झालं की.

ओल्या हातानं तांबोशीला पाण्यातच धरून मी पक्कडीनं गरी सोडवली. तिचे पुढचे सुळे चांगले लागतात, बोट तोंडात घालू नये. ती क्षणभर माझ्या तळव्यावर कल्ले हलवत राहिली आणि मग नव्हती. पाण्यावर चिखलाचा एक छोटा ढग उठला आणि चराच्या दिशेनं गेला.

"ठेवली असतीस," बाई म्हणाली.

"लहान आहे."

"ते खरं." राज्य सरकारनं २०२३ साली ५४ प्रजातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिले आहेत, त्याहून लहान मासा पकडायचा नाही. तो नियम लाँचींसाठी आणि बाजारासाठी जास्त महत्त्वाचा आहे. आमच्यासारख्यांच्या एका माशानं खाडी रिकामी होत नाही. पण ज्या माशाच्या गालावर अजून रेघ आहे तो घरी नेऊन कढईत टाकायला मला जमत नाही, ह्यात तत्त्व फारसं नाही. पापलेट मात्र मी लहानमोठं बघत नाही, ते विकत आणते.

कायमची का, ह्याचं उत्तर आलं नाही आणि मी पुन्हा विचारलं नाही. तिला सांगायचं होतं ते तिनं सांगितलं होतं, आणि पाठीला सांगितलं होतं. ते समोरासमोर ओढून आणायचा मला काय अधिकार! आम्ही आणखी थोडा वेळ थांबलो. एक शिंगाळा लागला, त्याच्या काट्याला सांभाळून सोडला. अंधारायला लागलं तसं वळलो. ओहोटी आता आमच्या बाजूची होती, वल्हं नुसतं दिशेपुरतं.

पुलाकडे येताना टेकडीवर थिबा पॅलेस दिसतो. ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी १८८५ साली गादीवरून काढलं, पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं, १९१० साली हा वाडा बांधून दिला आणि १९१६ साली तो इथंच वारला. तीसेक वर्षं. वाड्यातून खाडी आणि समुद्र दोन्ही दिसतात. त्याला कुठली तिथी चुकवायची नव्हती, साडेपाचला सुटायचं नव्हतं, भरती कितीही वाजता येवो, तो मोकळाच होता. फक्त होडीत बसून जायला परवानगी नव्हती. कायाकमधून वर बघताना तो वाडा मला नेहमी फार मोठा वाटतो आणि खिडक्या नको इतक्या.

काठाला लागलो तेव्हा पागवाला म्हातारा जाळं खांद्यावर टाकून निघालाच होता. त्याच्या पिशवीत बोय होते, भरपूर. "गावला काय?" त्यानं विचारलं आणि आमचे हात बघून पुढे चालायला लागला. मग थांबला, मागे वळला, दोन बोय काढून कायाकच्या खळग्यात टाकले. पैसे म्हटलं तर ऐकूच गेलं नाही असं दाखवून गेला.

कायाक उचलून गाडीच्या टपावर टाकणं हे दोन माणसांचंच काम आहे. एकटीनं ते होत नाही; मी तसा विचार त्या संध्याकाळी पहिल्यांदा केला. पट्टे बांधताना मी गाडीच्या ह्या बाजूला होते आणि ती पलीकडे, मधे नारिंगी प्लास्टिक. पुन्हा चेहरा दिसत नव्हता.

"पुण्यात काय करशील?" मी विचारलं.

"खडकवासला आहे. तिथं भरती नाही, ओहोटी नाही. तिथी बघायला नको. आजच्याएवढंच पाणी उद्या, तेवढंच परवा. कुठल्याही दिवशी, कितीही वाजता जा."

"मग जाशील?"

पलीकडे थोडा वेळ नुसतं बकल खटखटत होतं.

"नाही बहुतेक," बाई म्हणाली. "पट्टा पास कर. आणि ते बोय तू ने, माझ्याकडे आज गुरुवार आहे."